दोन हात उंच ओटा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं पाहुण्यांपासून एवढी एकच गोष्ट लपवली होती, बाकी सगळं त्यांच्यासमोर होतं. उंची चार फूट नऊ इंच, रंग सावळा, शिक्षण सातवी पास, गाव मेहकर, नाव शारदा. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी दुसरबीडपासून कोसभर आत असलेल्या गावात, माणिकराव पाटलांच्या घरी सून म्हणून आले. पहिल्याच दिवशी त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं आणि आईनं लपवलेली गोष्ट उघडी पडायची वेळ आली.

घर मोठं होतं, त्यात वाद नाही. माणसं चांगली होती. पण बैलांच्या गोठ्याला दोन खिडक्या आणि स्वयंपाकघराला एकही नाही! घराच्या ऐन पोटात ती खोली. कोपऱ्यात चूल, छताला धुराचं काळं जाळं. पाण्याचा रांजण अंगणाच्या पलीकडे, पिठाचा डबा मधल्या खोलीत, सरपण गोठ्याच्या मागे आणि मीठ-मिरचीची फळी इतकी उंच, की मला मुसळानं डबा ओढून घ्यावा लागे. एकदा तो हळदीसकट डोक्यावर आला. आमचे हे, म्हणजे उद्धवराव, मला पाहून हसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई, त्याच खोलीत चाळीस वर्षं रांधत होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांच्या पुरणपोळीचं नाव जालन्यापर्यंत होतं. डोळे मात्र बारमाही लाल, आणि चुलीपुढून उठताना एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर. भिंतीवर त्या जागी हाताचा तेलकट ठसा उमटला होता. दर दिवाळीला सारवलं की जायचा आणि होळीपर्यंत परत उमटायचा.

एकदा मी ठरवलं, मोजायचंच. चुलीपासून जितक्यांदा उठेन तितक्यांदा ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायचा. पाण्याला उठले, दाणा. सरपणाला उठले, दाणा. मीठ विसरले, दाणा. दिवस मावळला तेव्हा वाटीत त्रेसष्ट दाणे होते. शाळेत मास्तर वात्रट पोरांनाही एवढ्या उठाबशा काढायला लावत नव्हते! मी वाटी आत्याबाईंपुढे नेऊन ठेवली.

"मंग?" त्या म्हणाल्या. "माह्या चाळीस वर्साचे दाने मोजशीन तं कोठी भरन."

"म्हणूनच म्हणते आत्याबाई, उभ्यानं करता येईल असा ओटा करू. चूल ओट्यात बसवू."

"उभ्यानं?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "उभ्यानं ढोराले कडबा टाकतेत वं. मानसाचा सैपाक बसूनच होते. अन्नपूर्णेपुढं का कोनी उभं राह्यते?"

मी म्हणाले, देवळात तर उभंच राहतो. त्यावर त्यांनी सूप उचललं आणि जरा जोरात पाखडलं.

त्याच हिवाळ्यात मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घराच्या पूर्वेला एक नवी खोली काढायचं ठरवलं. कापूस भरायला. चिखलीहून चिंतामण मिस्त्री आला, पाया खोदला, भिंती कमरेपर्यंत आल्या. त्या भिंतींकडे पाहून माझा जीव वरखाली व्हायला लागला. पूर्वेचा उजेड, विहीर दहा पावलांवर, शेजारी गोठा म्हणून सरपण जवळ. आणि तिथं काय राहणार, तर कापूस. कापसाला उजेड कशाला लागतो?

मामाजींशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घातला आणि अंगणात रांगोळीनं स्वयंपाकघर काढलं. छोटं चित्र नव्हे, खरं होईल तेवढं. इथं ओटा, इथं ओट्यात बसवलेली चूल. ब्लॉक ऑफिसातून येणाऱ्या ग्रामसेविका गीताबाईंनी बिनधुराच्या चुलीचा कागद दाखवला होता, तसं धुराचं नळकांडं इथून वर. रांजण ओट्याच्या उजव्या टोकाला, बाहेरून भरायचा आणि आतून काढायचा. सरपणाला ओट्याखाली पोकळी, तिचं दार गोठ्याकडे, म्हणजे गड्यानं तिकडूनच लाकडं सारावीत. फळी माझ्या खांद्याच्या वर एकही नाही. मग मी पदर खोचला, त्या पांढऱ्या रेघांत शिरले आणि खोटा स्वयंपाक केला. खोटं पीठ मळलं, खोट्या भाकरी थापल्या, खोटं वरण उतरवलं. जिथं अडलं तिथली रेघ पायानं पुसली आणि नवीन काढली.

शेजारच्या रुक्मिणीबाई कुडावरून डोकावल्या. "काऊन वं शारदा, सारीपाट मांडला का?"

"हो, आणि डाव माझा आहे," मी म्हणाले.

मामाजी ओसरीवर बाजेवर बसून सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज बराच वेळ थांबलेला होता, म्हणजे ते पाहत होते. सहा फूट उंच माणूस, लांब हात, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि बोलणं मोजून मापून. तीन दिवस ते तिथंच बसून पाहत राहिले. मीही तीन दिवस रोज रांगोळी काढली आणि रोज खोटा स्वयंपाक केला. चौथ्या दिवशी ते आत्याबाईंना म्हणाले, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं.

"सूनबाईले म्हना, खोली घे. पन आखाजीच्या दिवशी पितराइचा निवद बाराच्या आत निंघाला पाह्यजे, अन् तीसच्या तीस पानं तिथूनच वाढले पाह्यजेत. नाही जमलं तं खोली कापसाले, अन् चूल जिथी हाय तिथी. मंग पुन्हा ह्या घरात ओट्याचं नाव नाही."

अट साधी नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, भाऊबंद जेवायला असतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस असतो. आदल्या वर्षी नैवेद्य निघायला दोन वाजले होते आणि मामाजी उपाशीपोटी घुश्शात शेतावर निघून गेले होते. मला ते पक्कं आठवत होतं. तरी मी मान हलवली. नाही म्हणून पुन्हा त्या अंधारात बसायचं माझ्यानं झालंच नसतं.

आता ओट्याची उंची. माझ्याकडे फूटपट्टी नव्हती. मी अंगणात पाट रचले, त्यावर काठवट ठेवली आणि खऱ्या भाकरी थापून पाहिल्या. एक पाट काढला, पुन्हा थापली. एक चढवला, पुन्हा थापली. एका उंचीवर पाठ वाकेना आणि खांदाही चढेना. कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा माझा हात लावून ते मोजलं. बरोबर दोन हात. त्यानंतर चैत्रात माझ्या भावाचं लग्न निघालं आणि मला बारा दिवस मेहकरला जावं लागलं. निघताना दाराआडून चिंतामण मिस्त्रीला बजावून सांगितलं, "मिस्त्री, ओटा दोन हात उंच. कमी नाही, जास्त नाही."

"हाव बाई. दोन हात म्हंजे दोन हात," तो म्हणाला.

लग्नात माझं लक्ष नव्हतं. करवल्या नाचत होत्या आणि मी मंडपाच्या मागे आचाऱ्यांची चुलाणं किती उंच आहेत ते पाहत होते. परतीच्या एसटीत बसले तेव्हा आखाजीला आठ दिवस होते. गावात उतरले ती तशीच, हातातली पिशवीही न ठेवता, नव्या खोलीत गेले.

खिडकीतून सकाळचं ऊन आत पडलं होतं. ओट्यावर शहाबादी फरशी बसवून झाली होती. रांजण जागेवर, धुराचं नळकांडं वर गेलेलं. चौकटीला आंब्याची डहाळी, ओट्याला हळदकुंकू. माझे डोळे भरून आले. मी पुढे होऊन ओट्यावर हात ठेवायला गेले, तर ओटा माझ्या छातीला लागला.

मी काठवट आणून वर ठेवली. भाकर थापायला हात उचलले तर कोपरं खांद्याला आली. चुलीवर पातेलं ठेवलं तर आत काय आहे ते टाचा उंच करून पाहावं लागलं. मग माझा आवाज चढला.

"मिस्त्री!"

चिंतामण थापी घेऊनच धावत आला. मागून आत्याबाई आल्या.

"हा काय केला ओटा? दोन हात सांगितला होता ना?"

"दोनच हात हाय, बाई. सूतभर इकडचा तिकडं नाही. मोजून घ्या."

मी माझा हात लावला. अडीचच्याही वर भरला. "हे दोन हात कोणाचे?"

चिंतामण माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी सूर्य कोणत्या बाजूला उगवतो ते विचारलं होतं. "कोनाचे म्हंजे? घर पाटलाचं. घराले हात घरधन्याचाच धरतेत. माह्या बापानं बी तसंच केलं, त्याच्या बापानं बी. म्या पाटलाचा हात सुतळीनं मापून घेतला न!"

खरं सांगते, तो चुकला नव्हता. आमच्याकडे घराचं माप घरधन्याच्या हातानंच धरतात. मलाच ते सुचलं नाही. मी माझ्या हातानं मोजलं म्हणजे जगही माझ्याच हातानं मोजणार असं मी धरून चालले होते. पण चूक कळली म्हणून राग थोडाच उतरतो? तेवढ्यात मामाजी दारात आले आणि काय गडबड आहे म्हणून आत शिरले. ते ओट्यापाशी उभे राहिले, सहज तळवे टेकले, आणि ओटा त्यांना असा चपखल बसला, की शिंप्यानं अंगावर बेतलेला सदरासुद्धा एवढा बसत नाही.

मी पदर डोक्यावर ओढून घेतला, तोंड आत्याबाईंकडे केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, ओटा मामाजींच्या मापाचा झाला आहे. तेव्हा यंदा आखाजीच्या पोळ्या मामाजीच लाटतील. आपण दोघी ओसरीवर सुपारी कातरत बसू."

चिंतामणनं जीभ चावली. मामाजींनी ओट्यावरचे तळवे उचलले आणि एकदा त्या तळव्यांकडे पाहिलं. मग मिशांवरून हात फिरवून ते निघून गेले. आता खोली गेली, आणि कदाचित मलाही मेहकरची परतीची एसटी, असं मनात आलं.

"फोडा हा ओटा," मी चिंतामणला म्हणाले. आवाज मात्र आता रडवेला झाला होता. "वीतभर खाली घ्या. आठ दिवस आहेत."

"नाही बाई. हयदकुकू लागलं त्याले. पूजा झालेल्या कामाले म्या घन लावत नसतो. दुसरा मिस्त्री पाहा." एवढं म्हणून तो थापी धुवायला निघाला.

आणि मग आत्याबाई बोलल्या. इतका वेळ त्यांची नजर ओट्यावरच होती. मला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं, बस खाली आणि पेटव चूल. त्या पुढे झाल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्या माझ्याहूनही दोन बोटं ठेंगण्या. फरशीच्या वर त्यांचे खांदे आणि तोंड तेवढं दिसत होतं.

"चिंतामन," त्या म्हणाल्या, "ह्या घरात सैपाक कोन करते?"

"तुमीच करता, आई."

"चाळीस वर्सं म्या रांधलं. ह्याईनं एक दिवस तरी चूल पेटोली का? फुकनी धरली का कधी? अन् चुलीले माप ह्याईच्या हाताचं?" त्यांना एवढ्या रागात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या तेव्हा माझ्या सख्ख्या वाटल्या. "मले उभ्यानं रांधनं पटत नाही. पन माह्या चुलीचं माप कोनी दुसऱ्यानं द्यावं, हे त्याहून पटत नाही. ओटा खाली येत नसन तं भुई वर आन."

"भुई?"

"मुरूम टाक, धुम्मस कर, वरून सारवून घेतो आमी. ओट्याले हात लावू नको. समदी खोली वीतभर वर घे."

चिंतामण डोकं खाजवत उभा राहिला. मग हसला. एवढी वर्षं गवंडीकाम करून ही गोष्ट त्याच्या मनात आली नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, माझा हात ओट्याच्या कडेपासून खाली भिंतीला लावला, एकदा, दोनदा, आणि दुसरा हात संपला तिथं हळदीच्या बोटानं रेघ ओढली. "इथपर्यंत," त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस गाड्या भरभरून मुरूम आला. उद्धवरावांनी स्वतः धुम्मस करून तो ठोकून बसवला. मामाजींनी गाड्या येताना पाहिल्या, पण विचारलं नाही. मुरूम दाबून झाला, मग आत्याबाई आणि मी दोघींनी ती जमीन चोपून सारवली. आखाजीच्या आदल्या दिवशी मी तिथं पहिली भाकर थापली. पाठ वाकली नाही, खांदा चढला नाही. धूर नळकांड्यातून गपगुमान वर गेला. मी एकटीच हसत होते.

आखाजीला पहाटे आम्ही चुलीला हळदकुंकू वाहिलं. आत्याबाई पाटा-वरवंटा घेऊन हट्टानं खाली बसल्या आणि पुरण वाटायला लागल्या. मी पोळ्या लाटायला उभी राहिले. हात टाकला की पाणी, वाकलं की सरपण, वळलं की तूप. खिडकीतून उजेड असा येत होता, की कणकेतलं बारीक कुसळही दिसावं. पुरण संपलं तशी आत्याबाई गुडघा धरून उठल्या, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "सरक. पोयी जाड लाटून राह्यली तू." आणि उभ्यानं लाटायला लागल्या. एक, दोन, पाच. दहाव्या पोळीला त्यांनी पाठ ताणून पाहिली, पुन्हा सरळ केली, आणि काही न बोलता अकरावी घेतली. मी तवा सांभाळला. त्या दिवशी त्यांचे डोळे लाल नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांचा खरा रंग तेव्हा पहिल्यांदा पाहिला, घारे आहेत.

नैवेद्याचं ताट भरलं तेव्हा दहा वाजले होते. दहा! पानं मांडा म्हणून मी निरोप पाठवला तर पुरुषमंडळी अजून विहिरीवर. कोणी अंगाला साबण लावलेला, कोणी धोतर शोधतोय. आदल्या वर्षी बायकांच्या नावानं ओरडणारे सगळे ओल्या डोक्यानं धावत आले. रुक्मिणीबाईंनी कुडावरून विचारलं, शिळं वाढून राह्यल्या का? मी त्यांना आत बोलावून गरम पोळीवर तूप घालून दिलं आणि त्या ओट्याच्या कडेला हात लावून लावून पाहत बसल्या.

मामाजींना दहा वाजल्याचं खरं वाटेना. पितरांना नैवेद्य दाखवून झाल्यावर ते स्वतः पाहायला आले. जमीन वीतभर वर आली होती, चौकट मात्र होती तिथंच राहिली होती. हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण सारवल्यापासून त्या दारातून आम्ही बायकाच सरळ ये-जा करत होतो. मामाजी नेहमीच्या तोऱ्यात आत शिरले आणि कपाळ धाडकन चौकटीवर आदळलं. पटका खाली पडला.

ते कपाळ चोळत वाकून आत आले. रांजणात हात घातला. ओट्याखालचं सरपण पाहिलं. नळकांड्याला कान लावला. मग त्यांनी विचारलं, थेट मला, लग्नानंतर पहिल्यांदा, "पोरी, धूर खरंच बाहीर जाते का?"

"जातो, मामाजी," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि वाकूनच बाहेर गेले.

पंगतीत चिंतामणलाही बसवलं होतं. तो पोळीचा घास घेता घेता शरमून म्हणाला, "पाटील, माह्या ध्यानातच नाही आलं. जेवन झालं का चौकट वीतभर वर घेऊन देतो."

तव्यावर पोळी मी नुकतीच टाकली होती. दाराआडून कान टवकारले.

"सुनेचं डोकं लागते का तिले?" मामाजींनी विचारलं.

"नाही पाटील. बायाइचं नाही लागत."

"मंग राहू दे. घर माह्या मापाचं हाय, सैपाकघर तिच्या मापाचं. जो आत जाईन थो वाकून जाईन. अन् मले आता दुसऱ्यांदा बी जा लागते, रस संपला माह्या वाटीतला."

आणि ते खरंच उठले. पंगतीतून उठून, वाटी हातात धरून, तीस माणसांसमोर सहा फुटांचा तो माणूस माझ्या दारात वाकला. मला इतका अभिमान आयुष्यात परत कधी वाटला नाही, ना मुलगा झाला तेव्हा, ना तो पुढं वकील झाला तेव्हा. मी रसाचं पातेलं उचललं, तर आत्याबाई ओरडल्या, "शारदे, पोयी!" तव्यावरची पोळी एका बाजूनं काळी झाली होती. त्या दिवशी करपलेली तेवढी एकच. मी ती कोणाला दिली नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, ओट्यापाशी उभी राहून, मीच खाल्ली.